फार्महाऊस की डोंबिवलीचा दोन खोल्यांचा फ्लॅट?

प्रश्न : ताई, मी नाशिकला राहते, वय 29. नोकरी सांभाळून लॅब्राडॉर कुत्र्यांना घरं मिळवून देणाऱ्या एका ग्रुपमध्ये काम करते. चार महिन्यांपूर्वी एका ब्रीडरने, म्हणजे पिल्लं विकण्याचा धंदा करणाऱ्याने, सहा वर्षांची मादी आमच्याकडे सोडली. 'आता हिचा उपयोग नाही' एवढंच म्हणाला. आम्ही तिचं नाव जेनी ठेवलं. ती माझ्याकडेच फॉस्टरला, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत राहायला, आहे. आली तेव्हा टिक फीवर (गोचिडांमुळे होणारा ताप) होता, प्लेटलेट्स खूप कमी होत्या, म्हणून नसबंदी लांबली. सुरुवातीला गादी टाकली तरी ती बाथरूमच्या ओल्या फरशीवरच जाऊन बसायची. आता सोफ्याशी झोपते, पण मोबाइलवर कुठे पिल्लांचा आवाज आला की उठते आणि पलंगाखाली, कपाटामागे हुंगत फिरते. ते मला बघवत नाही.

आता दोन घरं आली आहेत. एका कुटुंबाचं निफाडकडे दोन एकरांचं फार्महाऊस आहे. ते स्वतः शहरात राहतात, शनिवार-रविवारी जातात, एरवी राखणदार असतो. त्यांच्याकडे लॅबचा, म्हणजे लॅब्राडॉरचाच, नर आहे. 'एकदा पिल्लं होऊ देत, मग ऑपरेशन करू' असं म्हणाले. ग्रुपला 25 हजारांची देणगीही देणार आहेत. दुसरं घर डोंबिवलीचं : निवृत्त काका-काकू, वय 68 आणि 64, दोन खोल्या, दुसरा मजला, लिफ्ट आहे. ग्रुपमधले दादा म्हणतात, 'एवढी मोकळी जागा सोडून कुत्री फ्लॅटमध्ये कशाला कोंडायची? म्हाताऱ्या माणसांना झेपणार आहे का?' त्यात त्या ब्रीडरचा परत फोन आला. आणखी एक मादी आहे म्हणतो, चार हजार द्या आणि घेऊन जा, नाहीतर हायवेला सोडून देईन. आणि खरं सांगायचं तर जेनीला कुठेच पाठवू नये असं वाटायला लागलंय. आई म्हणते, पुरे झालं आता. ऑफिसातले म्हणतात, 'रस्त्यावर एवढी गावठी कुत्री असताना लॅबचंच कौतुक कशाला?' काय करू?

उत्तर :

प्रिय मैत्रिणी,

जेनी डोंबिवलीला जाऊ दे. पण नसबंदी झाल्यावर. त्याआधी तिला कोणाच्याही घरी पाठवू नकोस, अगदी काका-काकूंच्याही. कारणं सविस्तर सांगते, कारण दादांशी बोलताना ती तुला लागतील.

बाथरूमच्या ओल्या फरशीचं तू लिहिलंस ना, तिथूनच सुरुवात करू. पाइपाने धुतलेलं सिमेंट हीच या माद्यांची जमीन असते. त्यांच्या कोपरांना हात लावून बघ. केस गेलेले, कातडी जाड आणि खरखरीत झालेली असते, कारण वर्षानुवर्षं त्या कडक जमिनीवर झोपलेल्या असतात. नखं वाढून वळलेली असतात, कारण चालणंच नसतं. पिंजऱ्याची जाळी चावून कित्येकींचे पुढचे दात झिजलेले असतात. माणूस दिसतो तो खाणं टाकायला, नराकडे न्यायला आणि पिल्लं उचलून न्यायला. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू नये असा नियम आहे, पण त्याहून लहान पिल्लं सर्रास विकली जातात हे आपण सगळेच पाहतो. दर वेळी आपली पिल्लं गेली कुठे, हे त्या आईला कळायला मार्ग नसतो. जेनी पलंगाखाली हुंगते तेव्हा ती तेच करत असणार. तुला ते बघवत नाही, बरोबर आहे. कोणाला बघवेल? मोबाइलचा आवाज बंद ठेव आणि ती उठलीच तर ओरडू नकोस, आडवी येऊ नकोस. तिला शोधू दे आणि परत आली की जवळ बसव.

अशा कुत्रीला दोन एकर जमिनीचं काय करायचं? दादांच्या मनात मोकळ्या रानात धावणारा लॅब आहे, आणि तशी पिल्लापासून वाढलेली लॅब खुशाल धावतातही. पण जेनीला मोकळ्या जागेची ओळखच नाही. तिला ओळख होऊ लागलीय ती माणसाची, तीही आत्ता कुठे. सोमवार ते शुक्रवार तिच्याजवळ कोण असणार? राखणदार. त्याला पगार मिळतो तो मोटार चालू करायचा, फाटक सांभाळायचा. तो कितीही सज्जन असला तरी सहा वर्षं पिंजऱ्यात काढलेल्या कुत्रीला माणसात आणणं हे त्याचं काम नाही, आणि त्याने ते करावं अशी अपेक्षा धरणंही बरोबर नाही.

शिवाय लॅब ही राखणीची जातच नव्हे. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या बरोबर राबणारी कुत्री हे तिचे पूर्वज. जाळी ओढायची, थंडगार पाण्यातून सुटलेला मासा आणून द्यायचा, ही त्यांची कामं. एकोणिसाव्या शतकात ती इंग्लंडात गेली आणि शिकाऱ्यांनी त्यांना पडलेला पक्षी तोंडात अलगद धरून आणायला शिकवलं. 1903 मध्ये तिथल्या केनेल क्लबने, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने, लॅब्राडॉर रिट्रीव्हर ही स्वतंत्र जात म्हणून मान्य केली. म्हणजे पिढ्यान् पिढ्या निवड झाली ती माणसाच्या तोंडाकडे बघत काम करणाऱ्या कुत्र्याची. माणूस नसलेल्या आवारात लॅब एक तर फाटकाशी पडून राहतो, नाहीतर खड्डे खणतो, चपला फाडतो. मग 'फार त्रास देतो' म्हणून साखळी येते.

आणि निफाड म्हणजे बिबट्याचा पट्टा. गोदाकाठच्या उसात बिबटे राहतात, वाढतात, आणि वस्तीवरचं कुत्रं हे त्यांचं सोपं भक्ष्य आहे हे तिकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचार. गावातली कुत्री निदान वास आला की घरात शिरतात, एकमेकांना इशारा देतात. जेनी तिथे उभी राहून शेपूट हलवेल. रात्री तिला कुठे ठेवणार, बंद खोलीत की पडवीत, हा प्रश्न त्या कुटुंबाला तुम्ही विचारलात का? पत्रात दिसला नाही. होम चेकला, म्हणजे दत्तक घेणाऱ्यांचं घर बघायला, गेल्यावर झाडं, विहीर, अंगण बघून माणूस हरखून जातो. मी नेहमी एकच विचारायला सांगते : मंगळवारी दुपारी तीन वाजता आणि रात्री दोन वाजता हे कुत्रं नेमकं कुठे असेल आणि त्याच्यापासून सर्वात जवळचा माणूस कोण असेल? डोंबिवलीत दोन्ही वेळचं उत्तर एकच येतं. काका-काकू.

आता पिल्लांची गोष्ट. 'एकदा पिल्लं होऊ देत' हे वाक्य ऐकल्यावर खरं तर पुढचं बोलणं तिथेच थांबायला हवं होतं. ज्या कामातून तिला सोडवून आणली, त्याच कामाला परत जुंपायची? केंद्र सरकारचे 2017 चे श्वान प्रजनन आणि विक्रीचे नियम आहेत. ब्रीडरने राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे, 18 महिन्यांच्या आतल्या मादीकडून पिल्लं घेता कामा नयेत. जेनीच्या मालकाने यातलं काय पाळलं असेल ते तिच्या लोंबणाऱ्या स्तनांवरून दिसतंच आहे. ते कुटुंब वाईट असेल असं मी म्हणत नाही. 'एकदा तरी आई व्हावं' ही आपल्याकडची जुनी समजूत आहे, लोक प्रेमानेच बोलतात. त्यांना एवढंच सांग, की ती आई किती वेळा झाली हे तिच्या मालकालाही सांगता येणार नाही.

तब्येतीच्या बाजूनेही नसबंदी पुढे ढकलू नकोस. नसबंदी न झालेल्या, वय वाढलेल्या माद्यांना पायोमेट्रा होऊ शकतो, म्हणजे गर्भाशयात पू साठतो. बहुधा माजानंतर महिना-दोन महिन्यांत. खूप पाणी पिणं, खाणं सोडणं, उलट्या, खालून घाण स्राव, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. आणि स्राव नसला तरी निर्धास्त राहू नकोस, गर्भाशयाचं तोंड बंद असलेला पायोमेट्रा जास्त धोक्याचा. टिक फीवरवरच्या डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकचा कोर्स साधारण 28 दिवसांचा असतो, तो पूर्ण झाला असेलच. रक्ताची तपासणी परत करून घे, प्लेटलेट्स जागेवर आल्या की डॉक्टरांकडून तारीख घे. मधेच माजावर आली असेल तर ते दोन-तीन महिने थांबायला सांगतील, तेही ऐक. ऑपरेशनच्या वेळी स्तनांत गाठी आहेत का ते बोटांनी नीट चाचपून बघायला सांग. कुत्र्यांमध्ये अशा साधारण निम्म्या गाठी कर्करोगाच्या निघतात, आणि वेत झालेल्या माद्यांकडे त्या नजरेने कोणी बघितलेलंच नसतं.

25 हजारांबद्दल. दादांवर रागावू नकोस. अशा ग्रुपांचं दवाखान्याचं बिल कायम थकलेलं असतं आणि ते कोणाच्या नावावर असतं तर दादांसारख्याच एखाद्याच्या. पण देणगी आणि कुत्रं यांचा व्यवहार एकाच माणसाशी एकाच वेळी होऊ नये, असा नियम तुम्ही करूनच टाका. तो लिहून ग्रुपवर पिन करा. अ‍ॅडॉप्शनची ठरावीक रक्कम असावी, लसी आणि ऑपरेशनच्या खर्चापुरती, आणि ती सगळ्यांना सारखी. त्या कुटुंबाला खरंच मदत करायची असेल तर जेनी दुसरीकडे गेल्यावरही ते करतील. नाही केली, तर ते पैसे कशाचे होते तेही कळेल.

आता डोंबिवली. दादांची शंका अगदीच चुकीची नाही, म्हणून ती नीट सोडवूया. लॅबचं आयुष्य साधारण 10 ते 12 वर्षांचं. जेनी सहाची. म्हणजे पुढची चार ते सहा वर्षं, काका बहात्तर-चौऱ्याहत्तरचे होईपर्यंत. याच काकांनी दोन महिन्यांचं पिल्लू मागितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. ते पिल्लू वर्षभरात त्यांना रस्त्यावर पाडेल. सहा वर्षांची, सोफ्याशी झोपणारी कुत्री आणि दिवसभर घरी असणारी दोन माणसं ही जोडी जुळणारी आहे. लिफ्ट आहे हे फार चांगलं, कारण लॅबचे खुबे म्हातारपणी बऱ्याचदा कुरकुरतात.

विचारायचं ते वेगळंच. दोघांपैकी एकाला दवाखान्यात दाखल करावं लागलं तर जेनीला कोण सांभाळणार? मुलगा, मुलगी, शेजारी, जो कोणी असेल त्याच्याशी तू स्वतः बोल आणि त्याचं नाव अ‍ॅडॉप्शनच्या कागदावर लिहून घे, सहीसकट. काका-काकू दोन-तीन महिने मुलाकडे राहायला जातात का, तेही विचार. जात असतील तर तेवढ्या काळासाठी फॉस्टर कोण, हे आत्ताच ठरव. आणि कागदावर ठळक असावं की कुठल्याही कारणाने ठेवणं जमलं नाही तर जेनी परत ग्रुपकडेच येईल, परस्पर कोणाला द्यायची नाही. हे सांगताना संकोच करू नकोस. चांगली माणसं या प्रश्नांनी दुखावत नाहीत, उलट त्यांना धीर येतो की आपण एकटे नाही.

सोसायटीत कोणी कुरकुर केली तर काकांना माहीत असू दे : भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यानुसार सोसायटीला बहुमताने ठराव करूनसुद्धा पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरायलाही मनाई करता येत नाही. मात्र महापालिकेचा परवाना, रेबीजच्या लशीची नोंद आणि फिरायला नेताना घाण उचलायची पिशवी, या तिन्ही गोष्टी आपल्या बाजूने चोख हव्यात.

काकूंशी खाण्यावर एकदा मोकळेपणाने बोल. मला या घराची खरी भीती वाटते ती इथे. 2016 मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांना आढळलं, की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि त्यामुळे पोट भरल्याची जाणीवच नीट होत नाही. म्हणजे जेवण झाल्यावर पाचव्या मिनिटाला जेनी त्या डोळ्यांनी बघायला लागेल तेव्हा ती नाटक करत नसेल. पण म्हणून प्रत्येक चहाबरोबर बिस्कीट आणि प्रत्येक पोळीचा शेवटचा घास तिला गेला, तर वर्षात ती चाळीस किलोची होईल आणि खुबे जातील. मादीचं वजन 25 ते 32 किलोच्या मधे हवं, आणि नसबंदीनंतर शरीराची गरज कमी होते हेही सांग. लाड करायचेच असतील तर काकडी द्या, गाजर द्या, उकडलेला लाल भोपळा द्या. कांदा, मनुका, द्राक्षं, चॉकलेट अजिबात नाही. शिऱ्यात मनुका असतात, ते काकूंच्या लक्षात येणार नाही, म्हणून शिऱ्याचं नाव घेऊनच सांग.

सोपवताना तू स्वतः जा. कसारा घाट उतरताना गाडी लागते, म्हणून निघायच्या आधी तीन-चार तास पोटभर काही देऊ नकोस. तुझ्या घरातलं तिचं अंथरूण न धुता तसंच घेऊन जा, तुमच्या घराचा वास तिला काही दिवस लागेल. गळ्यातल्या पट्ट्यावर काकांचा फोन नंबर आधीच लिहून ने. नव्या घरातून कुत्रं पळण्याचा धोका पहिल्याच आठवड्यात सर्वात जास्त असतो : दार उघडतं, कचरेवाला येतो, कुत्रं बावचळून जिना उतरतं. म्हणून बाहेर नेताना हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) आणि गळ्यातला पट्टा दोन्ही, आणि घरात असताना सेफ्टी डोअर लावलेलं. पहिले काही दिवस ती खाणार नाही, कोपऱ्यात बसेल, कदाचित त्यांच्याही बाथरूममध्ये जाऊन बसेल. तिथेच एक चटई टाका आणि राहू द्या. पाहुण्यांना 'बघायला' बोलावू नका. घराचा क्रम कळायला तीनेक आठवडे आणि हे आपलंच घर आहे हे मनात बसायला तीनेक महिने लागतात, असा या कामातल्या लोकांचा सर्वसाधारण अनुभव. काका-काकूंना हे आधी माहीत असेल तर चौथ्या दिवशी रडवेला फोन येणार नाही.

ब्रीडरचं सांगते. त्याला पैसे देऊ नका. चार हजार नाही, चारशेही नाही. मला माहीत आहे त्या दुसऱ्या मादीचं काय होईल या विचाराने तुला झोप लागत नसेल. पण आज तुम्ही पैसे दिलेत तर निकामी झालेली मादी हाही त्याच्यासाठी विकायचा माल होतो. पुढच्या वर्षी तो आणखी दोघींचे फोटो पाठवेल, आणि तुमच्या पैशांतून जी नवी मादी त्या पिंजऱ्यात येईल तिला सोडवायला कोणी नसेल. त्याला सांगा : फुकट द्यायची असेल तर आम्ही आज येतो, गाडी आमची, उपचार आमचे. घेताना हस्तांतराच्या कागदावर त्याची सही घ्या. जागेवर नोंदणीचं प्रमाणपत्र दिसतं का ते बघा, पिंजरे डोळ्यांखालून घाला.

त्याने हायवेला सोडण्याची धमकी मेसेजवर दिली असेल तर तो मेसेज जपून ठेव. फोनवर दिली असेल तर आता पुढचं बोलणं मेसेजवरच कर. उपासमार होईल अशा ठिकाणी प्राणी सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर 10 ते 50 रुपये. साठ वर्षं उलटून गेली, आकडा तोच आहे. हे वाचून संताप येतो, मलाही येतो, पण म्हणून तक्रार करायची नाही असं होत नाही. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, त्याची प्रत जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीला आणि राज्याच्या पशुकल्याण मंडळाला पाठवा. विनानोंदणी धंदा करणाऱ्याला 50 रुपयांच्या दंडाची भीती नसते, त्याला भीती असते ती कोणीतरी येऊन जागा बघून जाण्याची. बऱ्याचदा अर्ज गेल्याचं कळल्यावर 'ताई, तुम्ही घेऊनच जा' असा फोन येतो. अर्ज तू एकटीच्या नावाने करू नकोस, ग्रुपच्या नावाने कर आणि भेटायला दोघंतिघं मिळून जा.

तुझं स्वतःचं. जेनीला ठेवून घेण्यात गैर काहीच नाही, कित्येक जण ठेवतात. पण तू नोकरीला जातेस, दिवसभराचा भार आईवर पडतो आणि आई 'पुरे' म्हणते आहे. चार महिने ओली फरशी पुसणारी, औषधाच्या वेळा सांभाळणारी बहुतेक तीच असेल. तिचं ऐक. आणि तुमच्या घरातली ती एक जागा रिकामी झाली तरच ब्रीडरकडची दुसरी तिथे येऊ शकेल, तीही आईने मनापासून हो म्हटलं तर. दोन फॉस्टर एका वेळी घेऊ नकोस, या कामातली माणसं तिथेच मोडतात. जेनी गेल्यावर रडू येईल. येऊ दे.

दुसरं, तू शेवटी एका ओळीत लिहिलंयस, की ऑफिसातले म्हणतात, 'रस्त्यावर एवढी गावठी कुत्री असताना लॅबचंच कौतुक कशाला?' त्यावर वाद घालू नकोस. गावठी कुत्र्यांसाठी काम करणारी माणसं वेगळी आहेत, त्यांचं काम तुझ्याहून अवघड आहे, आणि तुला जमेल तेव्हा त्यांनाही हात दे. लॅबसाठी वेगळा ग्रुप लागतो कारण पिंजऱ्यात वाढलेला लॅब रस्त्यावर टिकत नाही. त्याला गाडी कळत नाही, गल्लीतल्या कुत्र्यांची हद्द कळत नाही, खाणं शोधता येत नाही. आणि त्याच्या मागे पैशांचा धंदा आहे, जो कोणीतरी लक्ष ठेवून ओळखायला लागतो.

फार्महाऊसवाल्यांना नकार आजच कळव, लटकत ठेवू नकोस. नीट शब्दांत सांग : जेनीला दिवसभर घरात माणूस लागतो, तुमच्याकडे तो नाही, आणि आम्ही नसबंदीशिवाय कुत्रं देत नाही. त्यांच्या नराची नसबंदी करायची इच्छा असेल तर तुमच्या डॉक्टरांचा पत्ता दे. मग काकांना फोन कर आणि ऑपरेशनची तारीख सांग, टाके निघायला दहा ते चौदा दिवस धर. मधल्या काळात एखाद्या रविवारी दोघांना नाशिकला बोलाव. जेनीची आणि त्यांची पहिली भेट तुझ्या घरात, तुझ्या आईसमोर होऊ दे.

— तुझी ताई